पावसाळाभर उभी राहिलेली जुनी एमपीएफआय गाडी: पेट्रोलचा दोष कसा शोधावा

जूनच्या पहिल्या सरीला ताडपत्रीखाली गेलेली गाडी चवथीच्या तोंडावर बाहेर काढावी, सेल्फ मारावा, तो खणखणीत फिरावा आणि इंजिनाने मात्र दाद देऊ नये, हे गोव्यात दरवर्षी घडते. शेजारून पहिला सल्ला येतो, ‘पंप गेला’. पंप बदलला जातो, गाडी तशीच. मग पेट्रोल फवारणारे इंजेक्टर, मग ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कंप्युटर. खरा दोष शेवटी अर्थच्या, म्हणजे गाडीच्या पत्र्याला जोडलेल्या निगेटिव्ह तारेच्या, गंजलेल्या बोल्टमध्ये किंवा टाकीच्या तळाच्या पाण्यात सापडतो. म्हणून या लेखाचा एकच आग्रह आहे: मोजल्याशिवाय काहीही बदलू नका.

इथली माहिती साधारण १९९८ ते २००५ या काळातल्या एमपीएफआय, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर असलेल्या, पेट्रोल गाड्यांना लागू पडते: एमपीएफआय एस्टीम, झेन, मारुती ८००, जिप्सी, पहिली सँट्रो, पहिली होंडा सिटी, आयकॉन. भारतात ओबीडीची (गाडीने स्वतःचे दोष नोंदवण्याच्या प्रणालीची) सक्ती २०१० पासून झाली, त्यामुळे या गाड्यांत आजचा स्वस्त स्कॅनर चालेलच असे नाही. काही सुझुकी प्रणालींत तपासणीच्या कनेक्टरच्या दोन पिना तारेने जोडल्या की चेक इंजिनचा दिवा लुकलुकून कोड सांगतो. १२ आकडा आला तर नोंदलेला दोष नाही. पण प्रेशर कमी आहे हे यातला कोणताही कोड सांगत नाही. ते गेजच सांगतो.

रचना सोपी आहे. टाकीत बुडालेला विजेचा पंप जाळीतून पेट्रोल ओढतो, फिल्टरमधून रेलपर्यंत, म्हणजे इंजेक्टरांना पेट्रोल वाटणाऱ्या नळीपर्यंत, ढकलतो. रेलवर इंजेक्टर बसलेले असतात. रेलच्या टोकाचा रेग्युलेटर ठरावीक प्रेशर राखतो आणि उरलेले पेट्रोल रिटर्न लाइनने टाकीत परत पाठवतो. (रिटर्न लाइन नसलेल्या गाडीत रेग्युलेटर टाकीतच असतो, मोजण्याची रीत तीच, फक्त रिटर्नच्या चाचण्या गळतात. बाहेरून आलेल्या जुन्या के-जेट्रॉनिक (यांत्रिक इंजेक्शनच्या) गाड्यांचे प्रेशर पाच बारच्या घरात असते. त्यांना खालचे आकडे लावू नका.)

आधी आगीचा विचार

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर जात नाही, जमिनीलगत पसरते आणि खड्ड्यात साचते. म्हणून काम बंद गॅरेजात करायचे नाही. पोर्चच्या भिंतीपलीकडे स्वयंपाकघर असेल, देवघरात समई तेवत असेल, तर गाडी ढकलून अंगणात घ्या. हाताशी किमान २ किलोचे ड्राय पावडरचे अग्निशामक हवे. तारेचा जुना हॅलोजन दिवा नको, एलईडी टॉर्च वापरा. डोळ्यांना चष्मा लावा, कारण रेलमध्ये कोंडलेले पेट्रोल बारीक धारेने थेट तोंडावर येते.

होज सोडण्याआधी प्रेशर उतरवायचे असते. पंपाचा रिले (त्याला वीज देणारा स्विच) किंवा फ्यूज काढा, इंजिन चालू होत असेल तर चालू करून आपोआप बंद पडू द्या, मग तीन-चार सेकंदांचा सेल्फ दोनदा मारा. त्यानंतर बॅटरीची निगेटिव्ह काढा. तरीही जोड सोडताना त्याभोवती फडके गुंडाळायचेच, थोडे पेट्रोल येणारच.

मागच्या सीटला कान लावा

किल्ली ‘ऑन’ केली की ईसीएम पंपाला दोन-तीन सेकंद चालवतो. एकाने किल्ली फिरवायची, दुसऱ्याने टाकीच्या तोंडाशी ऐकायचे. बारीक गुणगुण आली आणि थांबली तर पंपाची वायरिंग निदान जिवंत आहे. आवाज आलाच नाही तर या क्रमाने जा.

१. फ्यूज नुसता पाहू नका, काढून दोन्ही पाय घासा. खाऱ्या हवेत फ्यूज शाबूत असतो आणि खाचेत हिरवट कीट बसलेले असते.

२. रिले. बोट ठेवून किल्ली फिरवा, टक्क जाणवायला हवा. टक्क आला म्हणजे आतले पॉइंट जुळतात असे मात्र नाही. तोच नंबर असलेला हॉर्नचा रिले तात्पुरता बदलून पाहा. १९९० च्या दशकातल्या होंडा गाड्यांच्या मेन रिलेचे सोल्डर तडकते. गाडी मिरामारला उन्हात तासभर उभी राहिली की सुरू होत नाही, संध्याकाळी गार झाल्यावर गुमान सुरू होते. रिले उघडून पिनांभोवतीची गोल चीर भिंगातून दिसते. ती पुन्हा सोल्डर केली की काम होते.

३. पंपाच्या कनेक्टरवर करंट. इथे नवशिके हमखास फसतात. गंजून एक-दोन धाग्यांवर आलेली तारही मल्टिमीटरला १२ व्होल्ट दाखवते, कारण मीटर करंट ओढतच नाही. म्हणून २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब दोन तारांना जोडून तो कनेक्टरवर लावा. किल्ली फिरवल्यावर बल्ब लख्ख पेटला तर करंट पुरेसा आहे. मिणमिणला तर दोष तारेत आहे, पंपात नाही. बल्ब टाकीच्या तोंडापासून दूर ठेवा आणि आधी झाकण घट्ट लावा.

४. अर्थ. पंप चालू असताना त्याची काळी तार आणि बॅटरीची निगेटिव्ह यांच्यामध्ये मीटर लावा. ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर अर्थचा बोल्ट काढून पत्रा चकचकीत होईतो घासा, परत आवळा, वरून ग्रीस लावा. समुद्रकाठच्या गाड्यांत आमच्या मते आधी इथेच पाहावे.

पंपाच्या कनेक्टरसाठी मागची सीट उचलली असेल तर उंदरांच्या लेंड्या दिसतात का पाहा. पावसात उंदीर कोरडी जागा शोधत आत येतो आणि तारेचे प्लास्टिक, रबरी होज दोन्ही कुरतडतो. कुरतडलेली होज टेप गुंडाळून वापरायची नाही, पूर्ण बदलायची.

किल्ली ऑन केल्यावर पंप वाजतो, पण सेल्फ मारताना गप्प राहतो, असे असेल तर क्रँक सेन्सर किंवा डिस्ट्रिब्युटरकडून ईसीएमला इंजिन फिरल्याची खबर मिळत नाही. सेल्फ मारताना आरपीएमचा काटा जरासाही हलत नसेल तर संशय पक्का. तो पेट्रोलचा दोष नाही, पुढचे सगळे वाचून उपयोग नाही.

प्रेशर मोजणे

इंजेक्शनचा गेज ० ते ७ बारचा असतो आणि जोडण्यांसह डबीत मिळतो. एका चुकीच्या पंपापेक्षा स्वस्त पडतो. तो फिल्टर आणि रेल यांच्या मध्ये ‘टी’ टाकून जोडायचा. बँजो बोल्ट (आतून पेट्रोल जाऊ देणारा पोकळ बोल्ट) असेल तर दोन्ही बाजूंचे वायसर नवे घाला. जुना वायसर एकदा दबलेला असतो, तो पुन्हा धरत नाही.

जोड पुसून कोरडे करा, काढलेला रिले किंवा फ्यूज आणि बॅटरी परत जोडा, किल्ली तीन-चार वेळा ऑन-ऑफ करा, गळत नाही याची खात्री करा. मग वाचा. या काळातल्या बहुतेक गाड्यांत इंजिन बंद आणि पंप चालू असताना २.५ ते ३.१ बार दिसायला हवे. इंजिन स्लोवर (ॲक्सिलरेटर न दाबता) चालू असताना रेग्युलेटरला व्हॅक्युम मिळतो, म्हणून ते अर्ध्या बारने खाली येते. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या.

शून्य दिसले आणि पंप वाजतोय: टाकीच्या आत पंप आणि लोखंडी नळी जोडणारा बोटभर होजचा तुकडा फाटलेला असतो. पेट्रोल टाकीतल्या टाकीत फिरत राहते. हा तुकडा बदलताना साधी पेट्रोलची होज घालू नका. पेट्रोलात बुडून राहणारी होज आत-बाहेर दोन्हीकडून टिकावी लागते. तिच्यावर एसएई जे३० आर१० असे छापलेले असते. इंजिनच्या बाजूला आर९ लागते. आर६ आणि आर७ कार्ब्युरेटरच्या कमी दाबासाठी आहेत, दिसायला सारख्याच. दुकानात ‘पेट्रोल पाइप द्या’ म्हणून मागितले तर त्याच हातात पडतात. छापलेले अक्षर स्वतः वाचून घ्या.

एक-दीड बार दिसले: पंप अशक्त, फिल्टर चोक किंवा रेग्युलेटर उघडा अडकलेला. निवाडा असा करायचा: रिटर्नची रबरी होज मऊ असेल तर फडके गुंडाळून पक्कडीने दोन सेकंद दाबा. प्रेशर झटकन चारच्या वर उसळले तर पंप आणि फिल्टर ठीक, रेग्युलेटर बदला. उसळले नाही तर दोष मागे आहे. होज कडक, तडे गेलेली असेल तर दाबू नका. ती तिथेच फुटेल. दोन सेकंदांहून जास्त दाबून ठेवू नका.

चारच्या पुढे दिसले: रिटर्न लाइन तुंबली किंवा रेग्युलेटर जाम. रेग्युलेटरपासून रिटर्न सोडून ती धातूच्या डब्यात काढा. प्रेशर जागेवर आले तर तुंबलेली लाइन मोकळी करा. बरेचदा वाहनाखाली बसलेल्या दगडाच्या ठोक्याने ती चेपलेली असते.

आता रेग्युलेटरची व्हॅक्युमची बारीक नळी ओढून काढा. तिच्यात पेट्रोलचा थेंब किंवा नुसता वासही आला तर आतला पडदा फाटला. इंजिन थेट तिथून पेट्रोल पिते, धूर काळा येतो, मायलेज पडते. रेग्युलेटर बदलण्याशिवाय इलाज नाही.

शेवटी इंजिन बंद करा आणि घड्याळ लावा. मिनिटाभराने गेज दोन बारच्या आसपास किंवा वर राहायला हवा, त्यानंतर सावकाश उतरला तर चालते. धाडकन शून्यावर आला तर सकाळी लांब सेल्फ मारावा लागतो, आणि किल्ली दोन-तीनदा ऑन-ऑफ केल्यावर गाडी लगेच पेट घेते. गळती शोधायला बंद केल्या क्षणी पुरवठ्याची होज दाबा: प्रेशर टिकले तर पंपातला चेक व्हॉल्व्ह (पेट्रोल मागे येऊ न देणारी झडप) गेला. टिकले नाही तर पुन्हा करून रिटर्न दाबा: टिकले तर रेग्युलेटर. दोन्हीकडे दाबूनही उतरते तर एखादा इंजेक्टर थेंब गाळतो. सगळे स्पार्क प्लग काढा, ओला आणि काळा प्लग बोट दाखवील.

टाकी, पाणी आणि इथेनॉल

पावसाळ्यानंतरच्या गोव्यात हा भाग सगळ्यात महत्त्वाचा. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या प्रदेशात अर्धी रिकामी पत्र्याची टाकी चार महिने दमट हवा आत घेत राहते. झाकणाचे रबर कडक झालेले असेल तर पाणीही शिरते. त्यात आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉल पाणी शोषते. मर्यादेपर्यंत ते विरघळलेले राहते. मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळे होतात आणि तळाशी बसतात. पंपाची जाळी नेमकी तळाशी असते. वर पाऊण टाकी चांगले पेट्रोल असूनही इंजिनाला मिळते ते हे तळचे पाणी, आणि ते पेटत नाही.

तपासणी: गाडी रात्रभर हलवू नका. सकाळी पंपाने अर्धा लिटर पेट्रोल काचेच्या पारदर्शक बाटलीत काढा. पंप चालवायला रिलेच्या खाचेतल्या ३० आणि ८७ या जागा १५ अँपिअरचा फ्यूज असलेल्या तारेने जोडायच्या. तार रिलेच्या बाजूला जोडा-तोडा, बाटलीजवळ नाही, ठिणगी पडते. बाटली वीस मिनिटे स्थिर ठेवा. तळाशी वेगळा थर दिसला तर निकाल लागला. टाकी पूर्ण रिकामी करा. वरून ताजे पेट्रोल ओतून तो थर पुन्हा मिसळेल या आशेवर राहू नका.

थर दिसला नाही तरी वास घ्या. व्हार्निशसारखा आंबूस वास आणि चहासारखा रंग म्हणजे पेट्रोल शिळे झाले. आमच्याकडच्या उकाड्यात तीन-चार महिने त्याला पुरतात.

पंपावरच्या पेट्रोलात इथेनॉल किती हे घरी पाहता येते. १०० मिलीच्या मोजपात्रात १० मिली पाणी घ्या, १०० च्या रेषेपर्यंत पेट्रोल भरा, बूच लावून हलवा, बूच क्षणभर सैल करून वाफ सोडा, दहा मिनिटे ठेवा. इथेनॉल पाण्यात उतरते. तळचा थर १० वरून २८ मिलीच्या आसपास गेला तर पेट्रोलात २० टक्के इथेनॉल आहे.

जुन्या गाडीत इथेनॉलचे दोन परिणाम लक्षात ठेवा. जुने नायट्राइल रबर फुगते, मऊ पडते. म्हणून इंजेक्टरचे ओ-रिंग आता व्हायटॉनचेच घाला. दुसरे, टाकीच्या भिंतीवर वर्षानुवर्षे बसलेला चिकट थर ते सोडवते आणि तो सगळा फिल्टरमध्ये येतो. जुना फिल्टर काढल्यावर तो फेकू नका. आत येणाऱ्या बाजूने पांढऱ्या वाडग्यात उलटा करा. तांबूस गाळ म्हणजे टाकी गंजतेय, काळे मऊ कण म्हणजे रबर विरघळतेय, गोल थेंब तळाशी पळत असतील तर पाणी. काळ्या कणांवर चुंबक फिरवा, चिकटले तर तेही लोखंडाचेच.

टाकी गंजलेली असेल तर उतरवा. पेट्रोल काढलेली टाकी वेल्डिंगला किंवा आगीजवळ न्यायची नाही. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची, कारण आत वाफ भरलेली असते. पंप आणि फ्लोट काढून ठेवा, साबणाच्या पाण्याने तीन वेळा धुवा. मग दर लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम सायट्रिक ॲसिड असे मिश्रण भरून चोवीस तास ठेवा, मधून मधून हलवा. ओतून टाकल्यावर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा आणि लगेच ब्लोअरने पूर्ण कोरडी करा, नाहीतर तासाभरात नवा गंज धरतो. जोडण्याआधी आत थोडे पेट्रोल फिरवून काढा.

काढलेले पेट्रोल मातीत किंवा नाल्यात ओतू नका. आपल्या अंगणातल्या विहिरी उथळ आहेत आणि चिऱ्याच्या जमिनीतून पाणी सहज झिरपते. धातूच्या कॅनमध्ये बंद करून टाकाऊ तेल गोळा करणाऱ्या गॅरेजकडे द्या.

टाकी खाली आलीच आहे तर लोखंडी पेट्रोल लाइन तपासा. ती क्लिपांमध्ये गंजते, कारण लाल माती तिथे अडकून महिनोन्महिने ओली राहते. क्लिप उघडून तारेच्या ब्रशने घासा. खड्डे पडलेली नळी बदला. मधला तुकडा कापून रबर चढवणे हा उपाय नव्हे.

घाटात दम तोडणारी गाडी

म्हापशात बरी चालते आणि चोर्ला घाटात चौथ्या-पाचव्या वळणावर पिकअप सोडते, ही तक्रार प्रेशरची नसून बहुधा प्रवाहाची असते. स्लोवर गेज तीन बार दाखवतो, पण पूर्ण थ्रॉटलला पेट्रोल पुरत नाही. रिटर्न सोडून पंप नेमका ३० सेकंद चालवा आणि मापात काढा. अर्ध्या लिटरपेक्षा कमी आले तर आधी फिल्टर बदला, मग पुन्हा मोजा, मगच पंप.

आणखी एक खूण आहे. दहा-पंधरा किलोमीटरनंतर गाडी बंद पडते, पाच-सात मिनिटे थांबल्यावर जणू काही झालेच नाही अशी सुरू होते. टाकीतला गंज ओढीने जाळीला चिकटतो, पंप थांबला की गळून तळाशी पडतो, आणि पुन्हा तेच चक्र. जाळी धुऊन भागवू नका, बदला. गाडी थांबल्यावर झाकण उघडताना जोराचा ‘स्स’ आवाज आला तर झाकणाचा व्हेंट (हवा आत घेणारे छिद्र) बंद आहे. झाकण सैल ठेवून थोडे अंतर चालवले की खात्री पटते.

आणि टाकी पाव भागाच्या खाली जाऊ देऊ नका. पंप पेट्रोलानेच गार होतो.

इंजेक्टर

शेवटी आणि क्वचित. इंजिन चालू असताना लांब स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाला, टोक इंजेक्टरला: चारही सारखे टकटकायला हवेत. कनेक्टर एकेक काढा. ज्याचा काढल्यावर आरपीएम पडत नाही तो काम करत नाही. रोध मोजा, बहुतेक गाड्यांत १२ ते १६ ओहम. रोध ठीक आणि आवाज नाही तर तो चिकटलेला आहे. अल्ट्रासॉनिक सफाई करून घेताना आधीचे आणि नंतरचे मोजलेले प्रवाह मागा. चौघांत पाच टक्क्यांहून जास्त फरक नको. बसवताना ओ-रिंगला स्वच्छ इंजिन ऑइलचा हलका हात द्या, सीलंट लावू नका.

सगळे प्रेशर बरोबर येऊनही गाडी पेट्रोल पीत असेल तर कूलंट तापमानाचा सेन्सर मोजा: अनेक गाड्यांत २० अंशांना दोन-अडीच किलोओहम, ८० अंशांना ३०० ओहमच्या आसपास. तार तुटली तर ईसीएमला इंजिन कायम गारठलेले वाटते आणि तो भरपूर पेट्रोल सोडतो. स्लो वरखाली होत असेल तर व्हॅक्युमच्या तडकलेल्या नळ्यांवर पाण्याचा बारीक फवारा मारा. आरपीएम बदलला तिथे हवा शिरतेय.

जोडून झाल्यावर किल्ली चार वेळा ऑन करा, प्रत्येक जोडाखाली पांढरा कागद धरा, मग दहा मिनिटे इंजिन चालवून पुन्हा पाहा. दुसऱ्या दिवशी सकाळी गार गाडीखाली परत एकदा पाहा, काही जोड गार झाल्यावरच गळतात. टाकी धुतली असेल तर नवा फिल्टर ५०० किलोमीटरवर पुन्हा बदला, बाणाची खूण इंजिनच्या दिशेने ठेवून, आणि काढलेला फिल्टर पांढऱ्या वाडग्यात उलटा करून पाहा.